फुलांवरच्या माश्या, शेतातले पक्षी आणि बाहेरून आलेल्या किडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, बागायतदार, सोसायट्यांमधले रहिवासी आणि गच्चीवर भाजी लावणारे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. फुलं कुठली लावायची आणि औषध कुठलं मारायचं, हे सगळे विचारतात. हे जीव राहतात कुठे, हे फार थोडे विचारतात. बांध, मातीची पडकी भिंत, वाळलेली फांदी, मोकळी जमीन या जागा गेल्या की बाकीचे उपाय तोकडे पडतात, म्हणून उत्तरांमध्ये जागेचा विषय सारखा येईल.

१. परागीभवन म्हणजे मधमाश्यांचं काम, बरोबर ना?

मधमाश्यांचा वाटा मोठा आहे, पण सगळं काम त्यांचं नाही. आंब्याच्या मोहोरावर सर्वांत जास्त राबतात त्या साध्या माश्या: हिरव्या-निळ्या चमकदार माश्या आणि हवेत एका जागी स्थिर राहणाऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माश्या. सीताफळाचं फूल इतकं मिटलेलं असतं की त्यात दोन-तीन मिलिमीटरचे बारीक भुंगेरेच शिरतात. तुरीवर भुंगे आणि पानकापी माश्या येतात, पांगाऱ्यावर पक्षी, दुधीभोपळ्यावर रात्रीचे पतंग. मका, ज्वारी, बाजरी यांचं काम वारा करतो. केळीला फळ धरायला परागीभवन लागतच नाही.

मोहोराच्या दिवसांत बागेत माश्या घोंगावतात म्हणून फवारा मारणारे बागायतदार आजही भेटतात. त्या माश्या म्हणजे त्यांचा फळांचा हंगाम आहे.

२. आपल्याकडे मधमाश्या किती प्रकारच्या आहेत? ओळखायच्या कशा?

महाराष्ट्रात पाच प्रकार दिसतात. आग्या माशी सर्वांत मोठी, ती उंच झाडाला, कड्याला किंवा इमारतीच्या छज्जाला एकच मोठं उघडं पोळं लावते. फुलोरी माशी लहान, तिचं तळहाताएवढं पोळं झुडपाच्या फांदीला असतं. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात राहते आणि एकाआड एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत पाळता येतं. चौथी मेलिफेरा, ती युरोपातली. भारतात ती १९६२ साली हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा इथे यशस्वीपणे रुजवली गेली आणि तिथून देशभर गेली. पाचवी डंखहीन माशी, कोकणात तिला पोयाची माशी म्हणतात. ती मुंगीएवढी, काळी असते आणि भिंतीच्या फटीत मेणाची छोटी नळी काढून तिथून ये-जा करते. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीत अशी नळी दिसली तर ती फोडू नका.

यांखेरीज एकेकट्या राहणाऱ्या माश्यांच्या कितीतरी जाती आहेत. त्या मध साठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांच्याबद्दल प्रश्न ४ ते ६ पहा.

३. माझ्या पिकाला कीटकांची गरज आहे का?

द्राक्षाला जवळजवळ नाही, ते स्वतःच्या परागावर भागवतं. डाळिंबाला आहे: माश्या असतील तर बहाराचं सेटिंग, म्हणजे फळं धरणं, सुधारतं. काकडी, कारलं, दोडका, कलिंगड, भोपळा यांना तर पूर्ण गरज, कारण नर आणि मादी फुलं वेगळी असतात. काकडी एका बाजूला बारीक आणि वाकडी निघाली तर खताआधी परागीभवनाकडे पहा. फुलावर पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत की बिया सगळीकडे धरत नाहीत आणि जिथे बी नाही तिथे फळ भरत नाही.

सर्वांत जास्त प्रश्न कांदा बीजोत्पादकांचे येतात. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात आणि प्रत्येक फुलाचे पराग आधी झडतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचे पराग उपयोगी पडत नाहीत, ते दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावे लागतात. नेमकं त्याच दिवसांत फुलकिड्यांसाठी फवारण्या होतात. मग गोंडा पांढराशुभ्र फुलतो आणि बी मात्र धरत नाही. फुलकिड्यांचं नियोजन गोंडे उमलण्याच्या आधी संपवायला हवं. वेळेबद्दल प्रश्न ९ पहा.

४. वांगी-टोमॅटोच्या फुलावर मधमाशी फिरकत नाही. काही बिघडलंय का?

नाही. या फुलांचे पराग नळीसारख्या परागकोषात बंद असतात आणि टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतात. ते काढायला फूल हलवावं लागतं, आणि मधमाशीला ते जमत नाही. भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला जमतं.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास वांग्याच्या एका ताटव्याजवळ दहा मिनिटं शांत उभं राहा. भुंगा येतो, सहा पायांनी पिवळ्या शंकूला मिठी मारतो, आणि त्याचा आवाज अचानक बदलतो. उडताना जाडसर असलेली घूंघूं एकदम वर चढते. त्या क्षणी पंख स्थिर असतात, फक्त छातीचे स्नायू थरथरत असतात. पराग पिवळ्या धुरासारखे पोटावर पडतात. फूल सोडताना त्या शंकूवर पायांचे तपकिरी ओरखडे उरतात. ओरखडे दिसले की समजायचं, या फुलाचं काम झालं.

मोकळ्या शेतातल्या टोमॅटोचं वाऱ्याने हलूनही बरंचसं भागतं. शेडनेटमध्ये वारा नाही आणि भुंगाही नाही, तिथली गोष्ट वेगळी आहे (प्रश्न २०).

५. भुंगे घराच्या वाशांना, पडवीच्या खांबांना भोकं पाडतात. मारावेत का?

मारू नका. भोक साधारण बोटाएवढं असतं आणि वासा मोडण्याइतकं नुकसान क्वचितच होतं. भुंगा पोखरतो ते मऊ, वाळलेलं, रंग न दिलेलं लाकूड. तेव्हा दोन गोष्टी करा: वाशांना तेलाचा किंवा रंगाचा हात द्या, आणि परसात शेवग्याची, पांगाऱ्याची वाळलेली जाड फांदी किंवा बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवा. त्यांना घर मिळालं की ते तुमच्या घराला हात लावत नाहीत. तोंडासमोर येऊन गिरक्या घालणारा भुंगा बहुतेक वेळा नर असतो आणि नराला नांगी नसते.

६. गुलाबाची आणि गोकर्णाची पानं कात्रीने गोल कापल्यासारखी दिसतात. कुठली अळी आहे?

अळी नाही. पानकापी माशी ते तुकडे नेऊन पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात पिल्लांसाठी खोल्या करते. झाडाला काही होत नाही. हीच माशी तुरीच्या शेंगा वाढवते. काही फवारू नका.

७. सोसायटीच्या इमारतीला आग्या मोहोळ लागलंय. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं का?

या एका प्रश्नावर सर्वांत जास्त घबराट असते, म्हणून जरा सविस्तर.

आग्या मोहोळ कायमचं नसतं. आग्या माश्या फुलोऱ्यामागे स्थलांतर करतात आणि काही महिन्यांनी स्वतःच निघून जातात. उंच झाडं तुटली, म्हणून त्या पाण्याच्या टाक्या आणि अकराव्या-बाराव्या मजल्यांचे छज्जे धरतात. त्यांच्या दृष्टीने तो कडाच आहे. पोळ्याकडे लांबून पाहिलंत तर अधूनमधून त्याच्या पृष्ठभागावरून एक लाट सरकताना दिसेल. हजारो माश्या क्रमाने पोट वर उचलतात. गांधीलमाशी किंवा पक्षी जवळ आला की त्या असा इशारा देतात. लाट म्हणजे हल्ला नव्हे.

हल्ला होतो तो धूर, फटाके, दगड, झाडू, ड्रोन, उग्र अत्तर आणि पोळ्याखालचा मोठा आवाज यांमुळे. गडांवर पर्यटकांना माश्या चावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांमागेही बहुतेक वेळा यांतलंच काही असतं. पोळं माणसांच्या वावरापासून दूर असेल तर त्याला तसंच राहू द्या. खाली सूचना लावा, रखवालदाराला आणि मुलांना सांगून ठेवा. संध्याकाळनंतर पोळ्याजवळच्या खिडक्या बंद करा किंवा पडदे ओढा, कारण दिव्याकडे माश्या खेचल्या जातात. आग्या माशी चांदण्या रात्रीही फुलांवर जाते.

पोळं जिन्याजवळ, शाळेच्या वर्गाला लागून किंवा दवाखान्यासमोर असेल तर काढावंच लागतं. अशा वेळी माश्या न मारता पोळं काढणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथे विचारलं तर माहितगार माणसापर्यंत पोहोचता येतं. औषध मारून पोळं संपवलं तर मेलेल्या माश्या आणि विषारी मध खाली पडतो आणि तो इतर माश्या, मुंग्या, पक्षी खातात. माश्या आपणहून गेल्यावर उरलेलं मेण खरवडून टाका. जुन्या जागी परत येण्याची त्यांना सवय असते.

माश्या अंगावर आल्याच तर चेहरा झाकून सरळ रेषेत पळा आणि बंद खोलीत जा. पाण्यात उडी मारू नका. नांगी नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली किंवा खूप डंख बसले असतील तर थेट रुग्णालय गाठा.

८. मधपेटी ठेवली की उत्पन्न वाढेल का? कुठली माशी घ्यावी?

फुलोरा असेल तर फरक पडतो, नसेल तर पेटीतल्या माश्या उपाशी मरतात. पेटी आणण्याआधी वर्षाचे बारा महिने मोजा: तुमच्या दोन किलोमीटरच्या आवारात कुठल्या महिन्यात काय फुलतं? पावसाळ्याचा काही काळ आणि कडक उन्हाळ्याचे आठवडे रिकामे निघाले, तर तेव्हा माश्यांना काय देणार हे आधी ठरवा.

सपाटीवरच्या एकपिकी शेतात, बहारापुरती भाड्याने आणायची असेल तर मेलिफेरा सोयीची, कारण ती हलवणं सोसते आणि मध जास्त देते. जंगलालगत मात्र सातेरीच ठेवा. एक पेटी हजारो माश्यांची असते आणि थोड्या फुलांवर तेवढ्या माश्या सोडल्या तर तिथल्या रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. रोगाचाही प्रश्न आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या माश्यांच्या अळ्या मारणाऱ्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा अक्षरशः फडशा पाडला. वसाहती इकडून तिकडे नेताना अळ्या नीट तपासल्या नाहीत तर असं पुन्हा होऊ शकतं.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथलं मधपालन टिकलं आहे ते भोवतालच्या जंगलावर. पेट्यांची संख्या नक्कल करता येते, जंगल नाही.

९. फवारणी कुठल्या वेळी करावी म्हणजे माश्या वाचतील?

साधा नियम: फुलोऱ्यात फवारणी टाळा. टाळता येत नसेल तर सूर्य मावळल्यावर करा, म्हणजे माश्या परतलेल्या असतात आणि सकाळपर्यंत फवारा वाळतो. शेजाऱ्याच्या पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगा. पिकात फुललेलं तण असेल तर ते आधी कापा, कारण पीक फुलात नसलं तरी माश्या त्या तणावर असतात.

आता अपवाद. दुधीभोपळा, दोडका आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात. त्यांच्यावर संध्याकाळी फवारा मारला तर नेमका ताज्या फुलात आणि पतंगांच्या अंगावर बसतो. कारल्याचं आणि काकडीचं फूल सकाळचं, तिथे संध्याकाळचा नियम चालतो. मिश्र मांडवात दोन्ही वेलं असतील तर एकच वेळ दोघांना सोयीची नाही. तिथे फळमाशीसाठी सापळे आणि किडकी फळं गोळा करून नष्ट करणं यावरच भर द्या.

दुसरा अपवाद आंतरप्रवाही औषधांचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधं झाडाच्या रसात जातात आणि पुढे परागात व मकरंदात उतरतात. त्यांना फवारणीची वेळ पाळून फारसा उपयोग नाही. फुलोऱ्याच्या तोंडावर ती नकोतच.

१०. औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण आहे. म्हणजे मधमाश्यांना सुरक्षित ना?

नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण माणसाला आणि जनावरांना असलेल्या विषारीपणावरून ठरतात. माशीचा त्यात विचार नाही. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात मधमाश्यांबद्दलची सूचना वेगळी लिहिलेली असते, ती वाचा. "जैविक" शब्दावरही विसंबू नका: स्पिनोसॅड हे सूक्ष्मजीवांपासून मिळतं, तरी ओलं असताना माशीला घातक आहे.

११. पक्षी खरंच परागीभवन करतात, की फुलं नासवतात?

दोन्ही करतात, पण जमेची बाजू मोठी आहे. पळस, पांगारा, काटेसावर ही आपली फेब्रुवारी-मार्चची झाडं पक्ष्यांसाठीच फुलतात. फुलं मोठी, लाल-केशरी, दणकट, गंध जवळजवळ नाही आणि मकरंद भरपूर. लाल रंग माशीला नीट दिसत नाही, पक्ष्याला दिसतो. शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, हळद्या, कावळे सगळे येतात आणि कपाळावर पराग घेऊन पुढच्या झाडावर जातात. शिंजीर कधी कधी लांब नळीच्या फुलाला बुडाशी भोक पाडून मकरंद चोरतो, तेव्हा मात्र फुलाला काही मिळत नाही.

याच झाडांवर हिवाळी पाहुण्या भोरड्या थव्याने उतरतात. ज्वारीच्या शेतात त्या नुकसान करतात हे खरं, पण मध्य आशियात, जिथे त्या वीण घालतात, तिथे टोळ खाण्यासाठी त्या ओळखल्या जातात.

१२. पांगाऱ्याची कोवळी पानं आणि देठ गाठी गाठी होऊन वाकडे झालेत. काय करावं?

पान हातात घ्या. देठ जाड, मांसल, बोटाने दाबला तर टणक लागतो. ब्लेडने गाठ चिरली तर आत छोट्या छोट्या खोल्या आणि प्रत्येकीत एक पांढरी अळी दिसते. गाठीवर सुईच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर किडे उडून गेले आहेत. ही पांगाऱ्याची गाठ करणारी गांधीलमाशी, लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, मूळ आफ्रिकेतली. शास्त्राला तिची ओळख २००४ मध्ये झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती आशियाभर पसरून दक्षिण भारतातही पोहोचली. केरळात मिरवेलीला आधार म्हणून लावलेले पांगारे तिने वाळवले.

पांगारा फुलला नाही तर ऐन टंचाईच्या दिवसांत पक्ष्यांचं एक मोठं ताट रिकामं राहतं. लहान झाड असेल तर गाठाळलेले शेंडे किडे बाहेर पडण्याआधी छाटून जाळा. मोठ्या झाडाला खोडातून औषध दिलं तर ते मकरंदात उतरण्याचा धोका आहे, त्यामुळे ते आम्ही सुचवत नाही. हवाई बेटांवर २००८ मध्ये आफ्रिकेतूनच तिचा शत्रू असलेला परजीवी कीटक अभ्यास करून सोडला गेला आणि तिथली पांगाऱ्याच्या कुळातली झाडं सावरली.

१३. बाहेरून आलेली कीड इथे एवढी का माजते?

कारण ती आली, पण तिचे शत्रू मागेच राहिले. त्यात इथे तिला मैलोन् मैल एकच पीक मिळतं.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही कीड भारतात २००८ मध्ये कोइमतूरला सापडली. पपई, तुती, टॅपिओका, शेवटी रस्त्याकडेचं जास्वंद, सगळं पांढरं पडलं. शेतकऱ्यांनी एकामागून एक औषधं मारली. ढेकणाच्या अंगावर मेणाचं कवच, त्यामुळे तो वाचला, मेले ते त्याला खाणारे कीटक. २०१० मध्ये प्युएर्तो रिकोहून तीन परजीवी कीटक आणून, तपासून, बंगळूरच्या, शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेमार्फत सोडले गेले. त्यांतला ॲसेरोफॅगस पपायी नावाचा बारीक कीटक इथे असा काही रुळला की काही महिन्यांत बागा सावरल्या. जिथे फवारणी थांबली नाही तिथे तो टिकला नाही.

असे पाहुणे येतच राहतात. टोमॅटो पोखरणारी दक्षिण अमेरिकेतली टुटा २०१४ मध्ये भारतात प्रथम पुण्याजवळ सापडली. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. नारळावरची पांढरी माशी २०१६ ची (प्रश्न १५).

१४. मक्यावरच्या लष्करी अळीसाठी पक्षी थांबे लावले तर पुरेसं आहे का?

मदत होते, पुरेसं नाही. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबे, हेक्टरी साधारण २०, पिकाच्या उंचीच्या वर लावले की कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू त्यांवर बसतात. हरभऱ्यातल्या घाटेअळीवर हा उपाय चांगला चालतो, कारण ती अळी उघड्यावर असते. काही शेतकरी हरभऱ्यात विरळ ज्वारी पेरतात, तोही जिवंत थांबाच. लष्करी अळी मात्र दिवसा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत दडते, चोच तिथवर पोहोचत नाही. तेव्हा अंडीपुंज हाताने गोळा करणं, कामगंध सापळे आणि लहान अळी असतानाच पोंग्यात निंबोळी अर्क, हे जोडीला हवं. पावसाळी हवेत पोंग्याजवळ पांढरट-हिरवट, ताठ होऊन मेलेल्या अळ्या दिसल्या तर त्या उचलून टाकू नका. ती मित्रबुरशी आहे, तिला पसरू द्या.

दोन अपवाद लक्षात ठेवा. कणसात दाणा भरू लागला की थांबे काढा, नाहीतर दाणे टिपणारेही तिथेच बसतात. आणि मक्याला माशी लागत नसली तरी माशीला मका लागतो: तुऱ्यावरचे पराग गोळा करायला सातेरी आणि आग्या सकाळी येतात. तुरा आल्यावर फवारणी करायची नाही.

१५. नारळाच्या झावळ्यांखाली पांढरी गोल वलयं आणि वर काजळी आहे. झाड मरेल का?

ही मध्य अमेरिकेतून आलेली पांढरी माशी, आता कोकणातही आहे. काजळी म्हणजे तिच्या चिकट द्रवावर वाढलेली काळी बुरशी. ती दिसते भयंकर, पण एवढ्याने माड सहसा मरत नाही. जोरदार पाण्याचा फवारा मारून झावळ्या धुवा. पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर एन्कार्सिया नावाचा परजीवी कीटक आपोआप वाढतो: काळी पडलेली पिल्लं म्हणजे तो आत आहे. ती झावळी कापून जाळलीत तर मित्रच जळेल.

रासायनिक औषध नको, याला आणखी एक कारण आहे. माड वर्षभर फुलतो आणि पावसाळ्यात जेव्हा फारसं काही फुललेलं नसतं तेव्हा पोयाच्या आणि सातेरी माश्यांचा पराग त्याच्याकडूनच येतो.

१६. टणटणीवर (घाणेरीवर) खूप फुलपाखरं येतात. मग ती काढायची कशाला?

फुलपाखरं मकरंदासाठी येतात, पण त्यांच्या अळ्या टणटणी खाऊ शकत नाहीत. बुलबुल आणि साळुंक्या फळं खाऊन बिया पसरवतात आणि तिच्या दाटीखाली बाकी काही उगवत नाही. काढा, पण एकदम सगळी नको: जेवढी काढाल तेवढ्या जागी लगेच रुई, कढीपत्ता, लिंबू, निर्गुडी लावा. नुसती साफ केलेली जमीन पुढच्या पावसात पुन्हा टणटणीची होते.

१७. वेडा राघू मधमाश्या खातो. पेट्यांजवळून हाकलावा का?

सशक्त पेटीला त्याने फरक पडत नाही. तो गांधीलमाश्या, चतुर, टोळही खातो. पेट्या तारांपासून आणि सुक्या फांद्यांपासून थोड्या दूर, सावलीत ठेवल्या की पुरतं. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत तो बीळ करतो आणि त्याच दरडीत एकेकट्या राहणाऱ्या माश्यांचीही घरं असतात. जेसीबीने बांध आणि काठ सारखे केले की दोघंही जातात.

१८. रोज दाणे-पाणी ठेवतो, तरी चिमण्या वाढत नाहीत. का?

मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लाला पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते. सोसायटीच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक, विदेशी हिरवळ आणि महिन्याला फवारणी असेल तर पिल्लांना द्यायला काही नाही. एक कोपरा गवत-तणाचा राहू द्या, भिंतीत किंवा पत्र्याखाली फट राहू द्या. दाणे ठेवायचेच तर थोडे ठेवा, ढीग घातला तर कबुतरं येतात आणि चिमण्या हटतात.

१९. उंबराच्या फळात किडे असतात. त्यावर औषध आहे का?

ती कीड नाही. उंबराचं फूल फळाच्या आत असतं आणि एक बारीक वाळंजी, म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातला चिमुकला कीटक, टोकाच्या छिद्रातून पंख गमावून आत शिरते, परागीभवन करते आणि तिथेच अंडी घालून मरते. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाची वाळंजी वेगळी. ती नसेल तर बी नाही, आणि हरियल, तांबट, धनेश यांचं खाणंही नाही.

२०. शेडनेटमधल्या टोमॅटोसाठी परदेशी बंबलबी मागवता येतील का? आणि बाहेरचे मित्रकीटक चालतात तर माश्या का नकोत?

बंबलबी म्हणजे जाडजूड, केसाळ रानमाशी. सह्याद्रीत आणि दख्खनवर ती मुळात नाही, ती आपल्याकडे हिमालयातच आहे. परदेशातून जिवंत कीटक आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवानगी लागते, आणि त्यामागे सबळ कारण आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चिलीमध्ये हरितगृहांसाठी युरोपातली बंबलबी आणली गेली. ती बाहेर पडली, अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पसरली आणि तिथली मोठी केशरी देशी बंबलबी झपाट्याने घटली.

प्रश्न १३ मधल्या परजीवीचं तसं झालं नाही, कारण तो एकाच किडीवर जगतो आणि सोडण्याआधी ते तपासलेलं होतं. जे सगळं खातं किंवा सगळ्या फुलांवर जातं, ते आवरत नाही. आपल्या साळुंकीचंही तेच झालं: १८६५ मध्ये हवाईत आणि १८६२ मध्ये ऑस्ट्रेलियात किडी खाण्यासाठी म्हणून तिला नेलं, आणि आज ती जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. तिथले देशी पक्षी ढोल्यांसाठी तिच्याशी झगडतात.

शेडनेटमध्ये सकाळी दहाच्या सुमारास, परागकण कोरडे असताना, तारा काठीने हलक्या हलवा किंवा ब्लोअरची हवा झाडांवरून फिरवा. एक दिवसाआड पुरतं. काकडी लावायची तर परागीभवनाशिवाय फळ धरणारं वाण घ्या. आणि नेटबाहेर मोकळ्या मातीचा एक पट्टा, जवळ बांबूची मोळी आणि तुळस-रानतुळशीची रांग ठेवलीत, तर पुढच्या हंगामात नेटची बाजू फुलोऱ्यापुरती उघडून निळ्या पट्ट्यांच्या माश्या आत येतात का ते पाहता येईल.